बुरानो बेटावरचा पिशवीधारक

व्हेनिसच्या उथळ खाडीत बुरानो नावाचे एक बेट आहे आणि तेथील निळी, पिवळी, जांभळी, किरमिजी घरे पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात, असे मला निघण्यापूर्वी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती घरे पाहायला फारसे कोणी येत नाही. माणसे येतात ती घरांकडे पाठ करून उभी राहायला, आणि दुसरी माणसे येतात ती त्यांचे फोटो काढायला. या दोहोंत न बसणारा एक तिसरा वर्ग असतो, तो पिशव्या धरतो. आमच्या चौघांत, म्हणजे मी, आमची ही, तिची धाकटी बहीण आणि त्या बहिणीचे यजमान, अर्थात आमचे साडू, यांच्यात फोटोचे खाते साडूंकडे गेल्यामुळे उरलेले खाते आपोआप माझ्याकडे आले.

पिशवीत ओढण्या होत्या. पुण्याहून निघण्यापूर्वीच दोन्ही बहिणींनी मोबाइलवर बुरानोच्या भिंतींचा सखोल अभ्यास करून पिवळ्या भिंतीपुढे जांभळी, निळीपुढे केशरी आणि हिरवीपुढे राणी रंगाची ओढणी घ्यायची, असे ठरवून टाकले होते. पैठणी काठाची एक मोरपंखी ओढणी तेवढी राखीव होती. तिच्याबाबतचा निर्णय स्थळपाहणीनंतर व्हायचा होता.

फोंदामेंते नोवे या धक्क्यावरून 12 क्रमांकाची बोट मुरानोमार्गे पाऊण तासात बुरानोला नेते. 9.50 युरोंचे तिकीट काढून तो पाऊण तास उभ्याने काढता येतो. सुटताच समोर विटांच्या भिंतीने वेढलेले सान मिकेले हे व्हेनिसच्या दफनभूमीचे बेट लागले, तेव्हा बोटीवरच्या एकानेही कॅमेरा वर केला नाही. विटकरी रंगावर काय शोभते याचा अभ्यास झालेला नसावा.

बुरानोला उतरल्यावर पहिली दहा मिनिटे मात्र मीही हरखलो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अरुंद कालवे, त्यांत बांधलेल्या होड्या, दारांवर सोडलेले पट्ट्यापट्ट्यांचे कापडी पडदे, आणि कोणाच्या तरी निळ्या भिंतीवर वाळत टाकलेला पांढरा बनियन, हे सगळे खरोखरच देखणे आहे. धुक्यातून परतणाऱ्या कोळ्यांना आपले घर लांबून ओळखता यावे म्हणून हे रंग आले, अशी दंतकथा सांगतात. मला तर भर उन्हात आपले कुटुंब ओळखता येईना, कारण प्रत्येक भिंतीपुढे कोणाची ना कोणाची पत्नी मान तिरकी करून उभी होती आणि दर चौथ्या भिंतीगणिक आमच्या हिची ओढणी बदलत होती.

घराला रंग द्यायचा असेल, तर इथल्या घरमालकाला आधी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि त्या घराला कोणते रंग चालतील हे त्याला तिकडून कळवले जाते. हे ऐकून मला गहिवरून आले. आमच्या सोसायटीत बदामी की फिकट पिस्ता, या प्रश्नावर दोन सर्वसाधारण सभा उधळल्या गेल्या आणि शेवटी इमारत गळू लागल्यावर ठेकेदाराने त्याच्याकडे शिल्लक होता तो रंग फासला. बुरानोतल्या माणसाला असल्या लोकशाहीचा जाच नाही. त्याला जाच आहे तो आमचा. एका केशरी घरापुढे साडू गुडघ्यावर बसून कोन साधत असताना पडदा बाजूला सारून एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन बाहेर आल्या, आमच्या मेहुणीच्या मागे चौकटीतच थांबल्या, आणि फोटो निघाल्याची खात्री झाल्यावर मुकाट्याने निघून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याच उंबऱ्यावर रोज रांगेत उभे राहायची सवय झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

वास्तविक हे गाव नावाजले गेले ते लेससाठी. सोळाव्या शतकात इथल्या बायका आधाराला कापड न ठेवता नुसत्या सुईदोऱ्याने हवेत विणावी तशी लेस विणत, आणि युरोपातले राजेरजवाडे ती गळ्याभोवती मिरवत. पुढे ही कला जवळजवळ बुडाली. 1872 मध्ये इथे लेसची शाळा निघाली, तेव्हा जुने टाके येणाऱ्या चेंचा स्कार्पारिओला नावाच्या एका वृद्धेकडून ते शिकून घ्यावे लागले. शाळा पुढे शंभरेक वर्षांनी बंद पडली आणि त्या जागी आता लेसचे संग्रहालय आहे. एका दुकानात एक बाई मांडीवर गोल उशी घेऊन नखाएवढे पान विणत होत्या. आम्ही दहा मिनिटे पाहत राहिलो. पान काही वाढलेले दिसेना. एक बाई एकाच टाक्यात तरबेज असते आणि तुकडा पुढच्या टाक्यासाठी पुढच्या बाईकडे जातो, असे कळले. मेहुणीने बशीएवढ्या एका तुकड्याची किंमत विचारली आणि ती ऐकल्यावर तो दोन्ही हातांनी, तान्हे मूल ठेवतात तसा, होता तिथे परत ठेवला. त्यानंतर बाहेरच्या टपरीवरून तिने यंत्रावर विणलेले सहा रुमाल घेतले. ते माझ्या पिशवीत आले.

जेवायला साडूंनी पुढाकार घेतला. ते मूळचे मालवणचे, त्यामुळे इथली खासियत असलेला ‘रिसोत्तो दि गो’ त्यांनी मोठ्या अधिकाराने मागवला. ‘गो’ हा खाडीच्या चिखलात राहणारा मासा, म्हणजे आपल्या निवट्यांच्या भावकीतला. ताटली आली. पांढराशुभ्र, दाट, मऊ भात. साडूंनी काट्याने आधी वरचा थर उकरला, मग कडा तपासल्या, मग तळ गाठला.

‘‘साडूभाऊ, मासा खंय?’’ त्यांची मातृभाषा संकटातच बाहेर पडते.

मासा उकळून त्याचे पाणी गाळून घेतात आणि त्या पाण्यात भात शिजवतात, हे वेटरने हातवारे करून समजावले. मासा गाळणीत राहतो. तो कोणाच्या वाट्याला जातो, हा साडूंचा प्रश्न मात्र हातवाऱ्यांच्या पलीकडचा होता. बिलात टेबलाशी बसल्याबद्दल माणशी वेगळा आकारही होता. दिवसभरात मी बसलो तो तेवढाच, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

सान मार्तिनो चर्चचा 53 मीटर उंच मनोरा उघड उघड कललेला आहे, पण साडूंनी प्रत्येक फोटोत मोबाइल तिरका धरून तो सरळ केला. चौकात बाल्दासारे गालुप्पी या 1706 साली इथेच जन्मलेल्या संगीतकाराचा पुतळा आहे. विनोदी ऑपेरांना संगीत देण्यात त्याने नाव काढले. त्या चौकात चाललेले पाहता त्याला आजही विषय कमी पडले नसते.

शेवटी उरले बेपीचे घर. बेपी नावाच्या एका मिठाईविक्याने आपल्या घराच्या दर्शनी भिंतीवर चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळे अशी काही रंगवून ठेवली आहेत, की बुरानोचे सगळे रंग त्या एका भिंतीत सापडावेत. दोघी बहिणी त्या घरापुढे थबकल्या. जांभळी लावून पाहिली, केशरी लावून पाहिली, राखीव मोरपंखीसुद्धा निघाली. पण प्रत्येक ओढणी त्या भिंतीत विरघळून जाऊ लागली. तेवढ्यात हिची नजर माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली.

‘‘अहो, तुम्ही उभे राहा बघू.’’

मी उभा राहिलो. साडूंनी फोटो काढला. दोघींनी तो मोठा करून बारकाईने पाहिला.

‘‘भाऊजी, पिशव्या तरी खाली ठेवायच्या होत्यात,’’ मेहुणी म्हणाली.

‘‘असू दे गं,’’ ही म्हणाली, ‘‘निदान पिशव्यांचा रंग उठून दिसतोय.’’

मग तो फोटो पिशव्यांशिवाय पुन्हा काढावा, असा ठराव दोघींनी एकमताने संमत केला आणि पिशव्या कोणी धरायच्या यावर चर्चा सुरू झाली, तोवर साडू बोटीच्या धक्क्याकडे बरेच पुढे निघून गेले होते.