डिपॉझिट जाईल असा जाहीरनामा

अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागं आमचं संध्याकाळचं बसणं असतं. परवा नगरपालिकेच्या प्रचाराची गाडी तिसऱ्यांदा गेली आन भोंगा एवढा की हाटेलवाल्या मामाला दोन कट पण बोटं दाखवून सांगावे लागले. गाडी वळणावर गेल्यावर पप्प्या (राज्यसेवेचा अभ्यास, पाचवं वर्ष, घरी तिसरं सांगतो) म्हणला, एखादा पक्ष असा कामून निघत नसल राव, पार इकडचा नाही पार तिकडचा नाही, जात नाही, पुतळा नाही, नुसती चार कामं सांगायची आन तेवढीच करायची.

नाना म्हणले, "होते की तसले. मवाळ म्हणायचे त्यांला. गोखले."

झालं, पप्प्याला प्रश्नपत्रिका दिसली. 1907 ची सुरत, तिथं काँग्रेस फुटून झालेले जहाल-मवाळ, मग 1911 चं गोखल्यांचं प्राथमिक शिक्षणाचं बिल, सहा ते दहा वर्षाच्या पोरांपुरतंच, ते पण एकदम सगळ्या देशाला सक्ती नाही, स्थानिक बोर्डाला वाटलं तर त्यानं आपल्या भागात करावी, एवढं साधं.

"मग झालं का पास?"

"पडलं. शिक्षण हक्काचा कायदा आला 2009 ला, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून."

बप्पांनी बोटावर हिशेब केला. "म्हंजी शंभर वर्षं. तुझा पक्ष काढला तर माझ्या पणतवाची सोय झाली म्हणायची."

तरी पण काढलाच. माझं ई-सेवा केंद्र तिथून चार दुकानं पलीकडं आहे, खिशात एक बिघडलेली प्रिंट होती उत्पन्नाच्या दाखल्याची, तिच्या पाठकोऱ्या बाजूवर जाहीरनामा लिहायचा ठरला. सरांनी (झेडपीचे शिक्षक) सुरुवातीलाच अट घातली की कर्जमाफी, मोफत आन पॅकेज हे तीन शब्द वापरायचे नाहीत. बप्पा लगेच उसळले. सप्टेंबरच्या पावसात त्यांची नदीकाठची दीड एकर माती वाहून गेलेली, खाली नुसते गोटे राहिलेत, आन सरकारनं 31,628 कोटीचं पॅकेज जाहीर केलं त्यातलं काय खात्यावर येतंय ते बघायला माणूस रोज मोबाइल चेक करतोय. सर म्हणले बप्पा ती भरपाई झाली, ती पायजेच, मी निवडणुकीच्या पॅकेजचं म्हणायलोय. ठीक.

पहिलं कलम बप्पांच्याच सोयाबीनवर निघालं आन गाडी तिथंच लई वेळ थांबली, कारण मी त्यांच्या संगट गेलो होतो खरेदी केंद्रावर. 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये क्विंटल. अट अशी की ओलावा 12 टक्क्याच्या आत पायजे. यंदा सोयाबीन काढणीपर्यंत पाऊस, बप्पांनी तीन दिवस अंगणात, दोन दिवस डांबरी रोडवर वाळवलेलं. तिथल्या पोरानं मूठभर दाणे मशीनमधी टाकले, झाकण दाबलं, आकडा आला 14.1. बप्पा म्हणले पुन्हा टाक. पुन्हा टाकलं, 13.8. तिसऱ्यांदा टाकू का इचारलं तर बप्पांनी हात हलवला, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आन टेम्पो तसाच आडतीवर नेला, 3700 नं घातलं. आडतीवर मशीन नव्हतं. आडत्यानं दाणा दाताखाली धरला आन भाव सांगितला. दीड-दोन टक्के पाण्यापायी क्विंटलमागं सोळाशे रुपये गेले, हे मी नंतर दुकानात कॅल्क्युलेटरवर केलं, बप्पांना दाखवलं नाही.

सर म्हणले याच्यावर इलाज आधीच आहे की. शेतमाल तारण कर्ज. पणन मंडळाची योजना, 1990 पासून. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यापर्यंत पैसे उचलायचे, व्याज 6 टक्के, सहा महिन्यात भाव चढला की विकायचा आन कर्ज फेडायचं. पप्प्या तेवढा "हो हो, वाचलंय" म्हणला, पण त्यांच्या घरचं सोयाबीन पण आडतीवरच गेलेलं.

मग योजना चालत कामून नाही यावर वाद. नाना म्हणले गोदामच नाही पुरेसं. मी म्हणलं गोदाम असलं तरी ओला माल तारण कोण ठेवून घेईल, आधी वाळवायचं मशीन पायजे. सर म्हणले गोदाम येईल, मशीन येईल, पण बाजार समितीत आडत्यांचे पण संचालक असतात, शेतकरी चार महिने थांबायला शिकला तर दिवाळीच्या आधी आडतीवर लाइन कोण लावणार. म्हणून कलम एक असं लिहिलं: प्रत्येक बाजार समितीत गोदाम, वाळवण यंत्र, ओलाव्याचं मशीन वजनकाट्यासारखं दरवर्षी तपासून घेतलेलं, आन तारणाचे पैसे आठ दिवसात. चांगलं दिसत होतं कागदावर. तेवढ्यात पप्प्या म्हणला, "बप्पा, तुमचा मेव्हणाच आडत्या हाय ना?"

बप्पा म्हणले, "मेव्हण्याला कामून मधी आणायलास."

कलम राहिलं, पण बप्पांनी चहा अर्धा ठेवला.

दुसरं कलम पाण्याचं, ते पप्प्यानं आणलं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, मांजरा धरण कोरडं पडलं होतं आन तरी त्या खोऱ्यात ऊस उभा, कारखाने उभे. 2017 ला सरकारनं ऊस ठिबकवर सक्तीचा करायचा निर्णय पण घेतला, तो कुठं अडकला ते धनेगावच्या धरणावर जाऊन इचारा. कलम दोन: ठिबक नाही तर उसाला धरणाचं पाणी नाही.

बप्पांचा चार एकर ऊस. चौघांचा आवाज एकदम चढला, मामानं भज्याची कढई उतरवून ठेवली. शिव्या गाळून बप्पांचं म्हणणं एवढं होतं, आन मला ते आजपर्यंत खोडता आलेलं नाही: "मला एक असं दुसरं पीक दाखव ज्याचा भाव लावायच्या आधी ठरलेला असतो. उसाला एफआरपी हाय, म्हंजी सरकारनं बांधून दिलेला कमीत कमी भाव, चौदा दिवसात पैसे द्यायचा कायदा हाय, उशिरा देतेत, रडवतेत, पण कारखाना मशीनमधी दाणा टाकून मला घरी तर नाही पाठवत. सोयाबीनला तेवढं दे, उद्या ऊस मोडतो. तू आधी पाणी तोडणार आन भावाचं नंतर बघणार, असला कसला रे तुझा मवाळ पक्ष?"

सर म्हणले मग कलम एक आधी आन ते दोन वर्षं चाललं की कलम दोन. लिहिलं. पप्प्या नाराज, त्याच्या मते असं टाळत टाळतच सगळं बुडतं. मी हळूच मोटारीचा विषय काढला, की 2024 च्या एप्रिलपासून साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ झाल्यावर रात्री सुरू केलेली मोटार बंद करायला उठतंय कोण, पण बप्पांच्या तोंडाकडं बघून म्हणलं जाऊ द्या, आन सरांच्या अटीतला मोफत शब्द तसा पण वापरायचा नव्हता.

आता सरांची पाळी. सर मनापासून बोलले. दिवाळी झाली की त्यांच्या शाळेतली निम्मी पोरं आईबापासंगट उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्च झालेली, पोरगं मागं कुणाकडं ठेवणार. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण गाडी भरून गेल्यावर मंजुरी आली तर उपयोग काय, पोरगं तोवर कोल्हापूरच्या फडात वाढं गोळा करत असतं. म्हणून कलम तीन: वसतिगृहाचे पैसे गाळपाच्या आधी, सप्टेंबर संपायच्या आत शाळेच्या खात्यावर, आन मास्तरांच्या मागची मतदारयाद्या, सर्व्हे असली कामं काढून घ्यायची. गेल्या वर्षी चौथीतली एक पोरगी मार्चमधी परत आली, तिला सतराचा पाढा येत होता पण सतराच्या पुढं काय लिहायचं ते सुचत नव्हतं, कारण वर्गात सतरापर्यंत झालं आन ती गाडीत बसली. सर हे सांगताना खाली बघत होते.

कुणी काही बोलत नाही म्हणल्यावर बप्पांनी मेव्हण्याचा हिशेब चुकता केला. "सर, पण तुम्ही तरी त्या गावात कुठं राहता?"

नियम असा की मास्तरनं मुख्यालयी राहायचं, घरभाड्यासाठी तसा ग्रामसभेचा ठराव जोडायचा. सर राहतात अंबाजोगाईत, पोरीचं कॉलेज इथं, रोज मोटारसायकल, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. सर लाल झाले. "ठरावावर सही कुणाची असते बप्पा? तुमच्यासारख्यांचीच ना?" बप्पा त्या गावचे नाहीत पण आपल्या गावात त्यांनी सही केलेली असणार, कारण ते हसले. कलम तीनमधी मुख्यालयाची ओळ घालायची की नाही यावर मतं दोन विरुद्ध दोन झाली, मामानं निकाल द्यायला नकार दिला, म्हणला सगळे उधारीवाले, मला कुणाशीच वाकडं घ्यायचं नाही.

नानांचं एक कलम कायम असतं, अनुशेष, म्हंजी मराठवाड्याचा मागं राहिलेला विकास. 1953 चा नागपूर करार, 1984 चा दांडेकर अहवाल, 2013 चा केळकर अहवाल, आन विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली ती. हे आम्हाला आता पाठ आहे, आन खरं आहे, पण खरं असून कंटाळा येतो त्याचं काय करायचं. वरून नानांना अंबाजोगाई जिल्हा पायजे. पप्प्या म्हणला नाना जिल्हा झाला तर नवं कलेक्टर ऑफिस होईल, धरण भरणार हाय का? नाना म्हणले लातूर 1982 ला जिल्हा झाला, बघून ये जा. यावर मात्र कुणाकडंच उत्तर नव्हतं. शेवटी नानांच्या खात्यातून एकच वाक्य घेतलं, ते रेल्वेवरून आलं. अहिल्यानगर-बीड-परळी, 261 किलोमीटर, मंजूर 1995 ला, बीडला गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्रामाचा दिवस धरून, आन साडेतीनशे कोटीची लाइन साडेचार हजार कोटीच्या वर गेली. तर कलम चार: जुनं काम पूर्ण होईपर्यंत त्याच तालुक्यात नव्या कामाचा नारळ फोडायचा नाही. मामा म्हणला नारळवाल्यानं काय करायचं मग.

पाचवं माझं. लोकसेवा हक्काचा कायदा 2015 चा आहे, दाखला किती दिवसात द्यायचा ते ठरलेलं, उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 दंड. पण त्यासाठी अपील करावं लागतं, आन ज्याला पोराच्या ॲडमिशनला दाखला पायजे तो अपील करत बसतो का. माझं म्हणणं, तारीख उलटली की कॉम्प्युटरनंच दंड लावावा, कुणी अर्ज करायची गरज नको. मी हे जरा जोरातच सांगितलं, कारण लोक दाखल्याला उशीर झाला की साहेबाला नाही, मला बोलतात.

पप्प्यानं कप खाली ठेवला. "आन तुझा रेटबोर्ड कुठंय?"

"हाय की दुकानात."

"कॅलेंडरच्या मागं हाय. पंधरा रुपयाचा डिजिटल सातबारा तू पन्नासला देतोस."

मी म्हणलं लाइट, कागद, नेट, भाडं. सर म्हणले लिहा, कलम सहा. बप्पा इतके खुश झाले की उरलेला थंड चहा पिऊन टाकला. मी लिहिलं नाही, पेन संपलं म्हणलं.

मग मतदान. विधानसभेचं धरलं तर डिपॉझिट 10,000, आन पडलेल्या वैध मतांच्या एक-षष्ठांशाच्या वर मतं पायजेत नाहीतर ते जप्त. मामा धरून आम्ही सहा. बप्पा म्हणले दोन नंबर काढा मग देतो. सर म्हणले मुख्यालयाची ओळ नसेल तर. नानांना जिल्हा पायजे. मी म्हणलं माझं गुप्त मतदान आहे. मामानं आधी इचारलं ह्यात टपऱ्या उठवायचं काय कलम हाय का, नाही म्हणलं तर म्हणला मग पुढच्या बारीला घालताल, आपण नाही देत. पप्प्यानं एकट्यानं हात वर केला.

"सहातलं एक," सर म्हणले. "वाचलं डिपॉझिट."

"नाही सर," पप्प्या म्हणला, "बरोबर एक-षष्ठांश झाला की जातं. त्याच्या वर लागतं."

सकाळी साडेनवाला मी शटर वर करायलो तर बप्पा पायरीवर. दहा-बारा पोती अजून घरात हायेत म्हणले, तारणाला चालतील का, फॉर्म तुझ्याकडं निघतो का? म्हणलं बप्पा तो बाजार समितीत मिळतो, आधी पुन्हा वाळवा मात्र, आन सातबारा लागेल, तेवढा माझ्याकडून न्या.

"किती?"

मी मशीन चालू केलं, म्हणलं बसा, बोर्ड बघून सांगतो.