एक टक्क्याचा दावा आणि केपचे पेंग्विन

समुद्रात तेलगळती झाली की तेलाने माखलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक दावाही नेमाने येतो. असे पक्षी धुऊन सोडणे व्यर्थ आहे, कारण सोडलेल्यांपैकी एक टक्काही जगत नाहीत. त्यापेक्षा त्यांना वेदनारहित मरण द्यावे, असा तो दावा आहे. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात मोठी गळती सुरू असताना एका जर्मन जीवशास्त्रज्ञाने हे मत मांडले, ते जगभर छापून आले आणि अजूनही पुढे पाठवले जाते. वाटेत त्याला आणखी तीन विधाने येऊन चिकटली आहेत: हे काम हौशी प्राणिप्रेमींच्या मनाच्या समाधानासाठी चालते, पेंग्विनसारखे पक्षी प्राणिसंग्रहालयांत सुखरूप असताना हा खटाटोप कशाला, आणि हे लोक मूळ दुखणे सोडून वरवरची मलमपट्टी करतात. दक्षिण आफ्रिकेच्या केप किनाऱ्यावर १९६८ पासून तेलाने माखलेले पेंग्विन आणि इतर समुद्रपक्षी वाचवणाऱ्या ‘सॅनकॉब’ या संस्थेची हकीकत ज्याला ठाऊक आहे, त्याला ही चारही विधाने निमूटपणे वाचून सोडून देता येत नाहीत.

एक टक्क्याचा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करतो. उत्तर अमेरिकेत धुऊन सोडलेल्या गिलमॉट पक्ष्यांवर १९९०च्या दशकात जो अभ्यास झाला, त्यात ते पक्षी सुटकेनंतर फार थोडे दिवस जगल्याचे दिसले होते. गिलमॉट भर समुद्रात राहणारा पक्षी आहे. तेल लागल्यावर तो किनाऱ्याला लागतो तोच अर्धमेला होऊन, आणि माणसाच्या हाती येईपर्यंत त्याच्या अंगात काही उरलेले नसते. चूक इतकीच, की या एका पक्ष्याचा अनुभव उचलून तो सगळ्या समुद्रपक्ष्यांच्या माथी मारला गेला.

‘सॅनकॉब’ ज्याला वाचवते, त्या आफ्रिकन पेंग्विनची घडणच वेगळी आहे. तो उडत नाही आणि घरटे बेटावर करतो, म्हणून तेल लागल्यावर तो अंगात बळ असतानाच जमिनीवर सापडतो. दुसरे असे, की दरवर्षी त्याची सगळी पिसे एकदम झडतात. नवी पिसे येईपर्यंतचे सुमारे तीन आठवडे तो पाण्यात उतरू शकत नाही आणि अंगावरच्या चरबीवर उपाशी दिवस काढतो. ज्या शरीराला दरवर्षी असा उपास घडतो, ते पकडले जाण्याचा, धुतले जाण्याचा आणि कोंडले जाण्याचा ताणही सोसू शकते.

हे केवळ तर्काने सांगत नाही. जून १९९४ मध्ये ‘अपोलो सी’ हे खनिजवाहू जहाज केप टाउनच्या उत्तरेकडील डॅसन बेटाजवळ बुडाले आणि सुमारे १०,००० पेंग्विन तेलात माखले. त्यांतले निम्मे दगावले, वाहतुकीत आणि पहिल्या काही दिवसांत मोठी हानी झाली, आणि संस्थेने हे अपयश कधी लपवले नाही. जे वाचले, त्यांपैकी ४,००० हून अधिक पक्ष्यांच्या पंखांत क्रमांकाची धातूची पट्टी अडकवून त्यांना समुद्रात सोडण्यात आले, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश पक्षी आपापल्या वसाहतींत पुन्हा दिसले. कुठे एक टक्का आणि कुठे दोन-तृतीयांश! शिवाय जो दिसला नाही तो मेलाच, असेही धरता येत नाही.

सहा वर्षांनी, २३ जून २००० रोजी, ‘ट्रेझर’ नावाचे जहाज डॅसन आणि रॉबेन या बेटांच्या मधोमध बुडाले. रॉबेन म्हणजे तेच बेट, जिथे नेल्सन मंडेलांनी तुरुंगवास भोगला. या वेळी सुमारे १९,००० पेंग्विन तेलात सापडले, आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वाचले. त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे, ज्या सुमारे १९,५०० पक्ष्यांना अजून तेल लागलेले नव्हते, त्यांना उचलून आठशेहून अधिक किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ समुद्रात सोडण्यात आले. ते पोहत घरी येतील तोवर तवंग निवळलेला असेल, हा त्यामागचा हिशेब होता. पीटर, पर्सी आणि पामेला अशी नावे दिलेल्या तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली होती. त्यांचा किनाऱ्याकडेने चाललेला परतीचा प्रवास साऱ्या देशाने श्वास रोखून पाहिला आणि हिशेब बरोबर ठरला.

धुतलेल्या पक्ष्यांची वीण न माखलेल्या पक्ष्यांपेक्षा काहीशी कमी यशस्वी होते, हेही अभ्यासांत दिसले आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. तरीही २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की या पुनर्वसनामुळे पेंग्विनची संख्या एरवी असती त्याहून सुमारे १९ टक्क्यांनी जास्त राहिली.

आता ‘हौशी लोकां’विषयी. हे विधान मला सर्वांत जास्त खुपते, कारण त्यात माणसांचा अपमान आहे. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुएझ कालवा बंद झाला, तेलवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि पुढच्याच वर्षी ‘एसो एसेन’ या जहाजाचे तेल केपच्या किनाऱ्यावर पसरले. तेव्हा अल्थीया वेस्टफाल या बाईंनी साठेक माखलेले पेंग्विन आपल्या घरी आणून ठेवले. ते कसे धुवायचे, काय खायला घालायचे, कधी सोडायचे, हे सांगणारे फारसे कोणी तेव्हा नव्हते. जे शिकायचे ते हातातल्या पक्ष्याकडूनच शिकायचे होते. त्याच वर्षी त्यांनी संस्था उभी केली. सुरुवात हौशीने झाली असे म्हणायचे तर खुशाल म्हणावे, पण साठ पेंग्विनांची घाण, वास आणि चोचींचे चावे घरात सोसणे याला हौस म्हणणाऱ्याने ते काम एकदा जवळून पाहावे.

माखलेला पक्षी आला की त्याला लगेच धुवत नाहीत, कारण थकलेला पक्षी धुण्याच्या धक्क्यानेच मरतो. पिसे साफ करताना त्याने तेल गिळलेले असते, म्हणून आधी नळीने पाणी, क्षार आणि कोळशाची पूड पोटात घालतात. अंगात जीव आला की दोन माणसे बसतात. एक जण डोके आणि पंख घट्ट धरतो, दुसरा साबणाच्या कोमट पाण्यात पिसे चोळतो, आणि डोळ्यांभोवतीचे तेल दात घासायच्या ब्रशने हलक्या हाताने काढले जाते. पाणी काळे झाले की टब बदलायचा, असे पाणी स्वच्छ राहीपर्यंत. मग त्याहून अधिक काळजीने साबण धुऊन काढायचा, कारण त्याचा अंश राहिला तरी पिसांतून पाणी आत शिरते आणि पक्षी गारठून मरतो. रानातला पेंग्विन मेलेल्या माशाला अन्न म्हणून ओळखत नाही, त्यामुळे चोच उघडून तारलीसारखा मासा घशात सरकवावा लागतो, आणि त्या खटपटीत माणसाच्या हातावर ओरखडे उठतात. सोडण्यापूर्वी वजन, रक्त आणि पिसांचा जलरोधकपणा तपासतात. त्यात उणे ठरलेला पक्षी थांबतो. ‘ट्रेझर’च्या वेळी हे काम केप टाउनच्या सॉल्ट रिव्हर भागातल्या एका भल्यामोठ्या गोदामात आठवडेच्या आठवडे चालले, आणि नोकरी-शाळा सांभाळून आलेल्या हजारो साध्या माणसांनी ते केले.

प्राणिसंग्रहालयाचा मुद्दा थोडक्यात संपतो. आपल्यापैकी अनेकांनी पेंग्विन पहिल्यांदा पाहिला तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, पण २०१६ मध्ये तिथे आणलेले पक्षी हम्बोल्ट जातीचे, म्हणजे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत. आफ्रिकन पेंग्विन रानात फक्त दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया येथे वीण करतो. काचेमागे शेकडो पक्षी वाढवले, तरी त्या बेटांवरची रिकामी घरटी भरत नाहीत. ती भरण्यासाठी ‘सॅनकॉब’ने २००६ पासून वेगळी वाट धरली आहे: आईबापांची पिसगळ सुरू झाल्यामुळे उपाशी पडलेली पिल्ले उचलायची, हाताने वाढवायची आणि परत समुद्रात सोडायची. अशी पिल्ले रानात वाढलेल्या पिल्लांइतकीच टिकतात, हेही अभ्यासाने दाखवले आहे.

राहिला मलमपट्टीचा आरोप. मूळ दुखण्याचा शोध या लोकांना नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दहा लाखांहून अधिक असलेला हा पक्षी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला, तेव्हा विणीच्या जोड्या १०,००० हून कमी उरल्या होत्या. आधी माणसाने खतासाठी बेटांवरचा पक्ष्यांच्या विष्ठेचा जाड थर खरवडून नेला, ज्यात पेंग्विन बीळ करून घरटे घालत असे. कित्येक दशके अंडी खाण्यासाठी गोळा केली गेली. आज मुख्य संकट भुकेचे आहे: तारली आणि अँकोव्ही हे त्याचे अन्न आटले आहे, आणि जे उरले आहे त्याच्यावर पर्ससीन जाळ्यांचाही डोळा आहे. पर्ससीन म्हणजे काय, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाचकाला सांगावे लागत नाही. थवाच्या थवा वेढून उचलणाऱ्या त्या जाळ्यावरून आपल्याकडेही पारंपरिक मच्छीमार लढत आले आहेत.

याच माशांसाठी ‘सॅनकॉब’ने ‘बर्डलाइफ साउथ आफ्रिका’ या संस्थेसह मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पर्यावरणमंत्र्यांविरुद्ध प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. वसाहतींभोवतीचे मासेमारीबंदीचे पट्टे पेंग्विन जिथे प्रत्यक्ष चरतात तिथे आखलेले नाहीत, ही त्यांची तक्रार होती. पक्ष्यांपुढे माणसाच्या पोटाची यांना पर्वा नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की मार्च २०२५ मध्ये या वादात तडजोड झाली ती मासेमारी उद्योगाच्या संमतीने, आणि तिला न्यायालयाच्या आदेशाचे रूप मिळाले. सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवती नव्या आखणीची बंदी आली आहे. ती दहा वर्षांसाठी आहे, म्हणजे २०३५ पर्यंत. आणि घसरण अशीच चालू राहिली तर हा पक्षी रानातून नाहीसा होईल, असा अंदाज शास्त्रज्ञांनी ज्या सालापर्यंतचा वर्तवला आहे, ते सालही हेच आहे.