बागेतल्या घोडीवर बसायचं कसं?

बागेत घोड्यावर बसायला सकाळ नाहीतर उन्हं उतरल्यावरची वेळ बरी, असं घोडेवाला सांगेल. त्याचं ऐकू नका. मे महिन्यात, धुळ्याचा पारा 43 ला टेकलेला असताना भर दुपारी पोरांना घेऊन निघा. बागेत रांग नसते आणि फोटोही लख्ख येतात. घोडीच्या मानेवर पांढरा फेस दिसेल, तो घाम. फोटोत चमक म्हणून खपून जातो.

घोडी उभ्या उभ्या डुलक्या घेत असली तरी मनाला लावून घेऊ नका. लग्नसराई आहे. कायद्याने डीजे दहाला बंद होतो, म्हणून काल रात्री तिने फक्त साडेअकरापर्यंत नवरदेव पेलला. शेपटीला मेंदी आणि कपाळावर अर्धवट सुटलेला गोंडा आहे ना, तो त्याच पाळीतला.

आता चढायचं. डाव्या बाजूने चढायची रीत तलवारवाल्यांची. त्यांची तलवार डाव्या कमरेला असायची. आपल्या कमरेला मोबाईल, तेव्हा उजवीकडूनच चढा. मीही तसाच चढलो होतो. रिकिबीत पाय घालून असा जोर दिला की तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, सैल असलेलं खोगीर माझ्यासकट घोडीच्या पोटाकडे फिरलं. घोडेवाल्याने मला काखेत धरून सरळ केलं आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, घोडं शे ते, फटफटी नही." वजनाचा विषय त्याने काढला नाही, भला माणूस. बसणारा आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, असा एक ठोकताळा आहे. 300 किलोच्या घोडीला तो हिशोब 60 वर संपतो. माझा 82 ला सुरू होतो, तेही जेवणाआधी. तुम्ही मात्र पुढे पोरगं आणि मागे बायको घेऊन बसा, एका तिकिटात तिघं होतात.

उतरल्यावर तिला केळीचे वेफर्स चारा. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं उलट फिरत नाही आणि पोटशूळ उठला तर जनावर दगावतं. पण तोवर तुम्ही घरी पोहोचलेले असाल. मग मागे जाऊन शेपटी ओढा. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण नेमकं मागचं दिसत नाही. नेम मात्र तिकडचाच चांगला असतो.

हे सगळं चालू असताना कट्ट्यावरून एक काका उठतील. दत्तजयंतीला ते एकदा सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आलेत. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात लाखालाखाचे सौदे होतात. काकांनी तिथे भजी खाल्ली, पण तेव्हापासून अंगावरचे केसांचे भोवरे बघून घोड्याचं आणि मालकाचं भविष्य सांगतात. कान आत वळून टोकं एकमेकांना भिडली की मारवाडी किंवा काठेवाडी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. या घोडीचे कान मात्र मागे दाबलेले आहेत, म्हणजे ती चिडली आहे. हे तेवढं ते सांगणार नाहीत.

शेवटी रील. ती हवीच. माझ्या पुतण्याला घोडीवर बसवून भावाने मोबाईलवर वरातीचं गाणं जोरात लावलं. घोडीने डोळे उघडले. दोन पावलं मागे, दोन पुढे, मग पुढचे पाय आळीपाळीने उचलत तिने जागच्या जागी नाच धरला. पोरगं आयाळ घट्ट धरून बोंबलतंय, भाऊ ओरडतोय, "हालू नको, फ्रेम जाते!" आणि घोडेवाला फोन बंद करा म्हणून हात जोडतोय. गाणं थांबलं तशी घोडीही थांबली. मान वळवून तिने दोन्हीकडे पाहिलं.

कोणी नोटा ओवाळत नव्हतं.