जुनी म्हणून महाग? मग काकांच्या पद्मिनीचं काय!

अंबाजोगाईच्या आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड चारदा आला. ‘फ्रान्सची अल्पाइन ए110 फायबरची असून आज कोटीला जाते. जुनी गाडी भंगारात घालू नका. फायबर गंजत नाही, पत्र्याला रंग मारा. पन्नाशी उलटली की सोनं!’ लगेच काकांचा फोन, “आरं, मग आपल्या पद्मिनीचं बी बघ की.” पद्मिनी म्हणजे आमची जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार, 1984 ची, कैक वर्षं लिंबाखाली उभी.

कोटीचा आकडा थाप नाही. याच ए110 च्या 1600 एस मॉडेलला, गाडी चांगली असेल तर, तेवढे मोजणारे आहेत. पण ती जुनी आहे म्हणून नव्हे. फ्रान्समधल्या दिएप गावचा रेनो डीलर ज्यां रेडेले यानं रेनोचेच भाग घेऊन मागे इंजिन असलेली ही हलकी गाडी बांधली, वजन सातशे किलोच्या आतबाहेर. 1971 ला तिनं मोंते कार्लोची मोटार रॅली मारली. 1973 ला तिथंच पहिले तिन्ही नंबर घेतले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या जागतिक रॅली स्पर्धेत कंपन्यांचं पहिलं अजिंक्यपदही. पैसे याचे. जिचे भाग वापरले ती साधी रेनो 8 वयानं तेवढीच, पण तिला त्या भावाच्या पासंगालाही कुणी धरत नाही.

फायबर गंजत नाही, खरंय. पण आत मधोमध लोखंडी कणा, म्हणजे चासी, आहे. तो गंजतो, आणि वरून पत्ता लागत नाही. शिवाय फायबरची बॉडी साच्यातून पुन्हा काढता येते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक रंगाला भुलत नाही. चासी नंबर जुळतो का, इंजिन मूळचंच का, गाडी दिएपची की परवान्यावर मेक्सिको, स्पेन, बल्गेरियात बनलेली, हे आधी विचारतो.

पद्मिनीला तर वेगळी चासीच नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. परवा ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर आरपार गेला. भोकातून खाली बसलेली कोंबडी दिसली. यावर रंग मारून काय होणार?

राहिली पन्नाशी. 2021 च्या केंद्रीय नियमानं पन्नास वर्षांवरच्या, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये. भाव कुणी ठरवून देत नाही. उलट अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. आणि आमची पद्मिनी पन्नाशी गाठणार 2034 ला.

नीट ठेवलेल्या, कागदपत्रं पूर्ण असलेल्या पद्मिनीला हौशी गिऱ्हाईक मिळतं, नाही असं नाही. म्हणून काकांना एवढंच म्हटलं, आधी आरसी बुक शोधा. तीन ट्रंका उपसून झाल्या. 1991 ची विम्याची पावती सापडली, बुक नाही.