‘बिटकॉइन कधी बंद पडलंच नाही, मग सिम्युलेशन कशाला?’

फोंड्याच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर चवथीपासून एक फॉरवर्ड फिरतोय: ‘बिटकॉइन २००९ पासून एकदाही बिघडलं नाही. संगणकावर खोटं नेटवर्क मांडून त्याची सुरक्षा तपासणं हा पोरखेळ. शंका असेल त्याने टेस्टनेट वापरावं.’ (टेस्टनेट म्हणजे सरावासाठीचं वेगळं बिटकॉइन जाळं.)

‘एकदाही नाही’? ऑगस्ट २०१० मध्ये एका ब्लॉकात (व्यवहारांच्या गठ्ठ्यात) १८४ अब्ज बिटकॉइन हवेतून निघाले, मर्यादा २.१ कोटींची. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या ०.७ आणि ०.८ या आवृत्त्यांचं एका ब्लॉकवर पटेना, ब्लॉकांची साखळी काही तास दुभंगली. दोन्ही वेळा माणसांनी धावपळ करून निस्तरलं. शिवाय टिकलं म्हणजे भक्कम, असं थोडंच? मांडवीचा पूलही रोज वाहनं नेत होता, ५ जुलै १९८६ ला कोसळेपर्यंत.

आता ते ‘खोटं नेटवर्क’. शॅडो या सिम्युलेटरमध्ये नोडचं (जाळ्यातल्या एकेका संगणकाचं) सॉफ्टवेअर खरंच असतं. नकली असतं ते जाळं आणि घड्याळ. प्रोग्रामने वेळ विचारली की उत्तर शॅडो देतो, डेटाचं पाकीट पाठवलं की ते किती उशिरा पोचवायचं तेही तोच ठरवतो. अँड्र्यू मिलर आणि रॉब जॅन्सन या संशोधकांनी २०१५ मध्ये त्यात बिटकॉइन चालवलं आणि सेवा ठप्प करणारे नवे हल्ले दाखवले.

मी घरच्या लॅपटॉपवर बारा नोड मांडले होते (पंखा असा घोंघावला की आईने विचारलं, मिक्सर कोणी लावला?). एका नोडला फक्त माझ्या ताब्यातल्या नोडांशी जोडलं. बाकीचे १५० व्या ब्लॉकवर पोचले. हा बिचारा विचारलं की निमूटपणे १२० सांगायचा. ग्रहण-हल्ला म्हणतात तो हाच.

पण बारा नोडांत ब्लॉक क्षणात सगळ्यांकडे पोचतो. खऱ्या जाळ्यात तसं नसतं. डेकर आणि वॉटनहोफर या संशोधकांच्या २०१३ च्या मोजणीत निम्म्या नोडांना ब्लॉक साडेसहा सेकंदांत मिळाला, ५ टक्क्यांना ४० सेकंदांनंतरही नाही. साखळीला फाटे फुटतात ते याच रेंगाळण्यात, म्हणून सिम्युलेशनमध्ये हजारो नोड लागतात.

टेस्टनेट? तिथली नाणी बिनमोलाची, मायनर (नवे ब्लॉक बनवणारे) येतात-जातात, तोच प्रयोग त्याच स्थितीत पुन्हा करता येत नाही. वर तिथे इतरांचंही काम चालू असतं. हल्ला करून बघणं म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत दगड टाकून खोली मोजणं.

सिम्युलेशनची खरी लंगडी बाजू वेगळीच: कोणता नोड कोणाला जोडलाय याचा नकाशा अंदाजाने मांडावा लागतो, आणि मायनरची हाव कोडमध्ये नीट उतरत नाही. फॉरवर्डमध्ये एवढं जरी असतं, तरी मी गप्प बसलो असतो.