बिनकानाचा कप

क्योतोत नोकरीनिमित्त येऊन दोन वर्षं झाली आणि मला चहाच्या समारंभाचा वाडगा स्वतःच्या हाताने घडवायची दुर्बुद्धी सुचली. त्याला इथे 'चावान' म्हणतात. लहानपणी शाडूचे गणपती केलेले हात आपले. वाडग्याचं ते काय!

पहिला तास माती मळण्यात गेला. मळायला तीन वर्षं, चाकाला त्याहून जास्त, अशी इथल्या कुंभारांत म्हणच आहे. माझी स्वतःची कणीक मात्र पाऊण तासातच तिंबून निघाली. चाकाची वर्षं तेवढी वाचली, कारण 'राकू' वाडग्याला चाक लागतच नाही. सोळाव्या शतकात चोजिरो या कुंभाराने चहाचे महागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी वाडगे केले, तेही हातानेच. भाकरीसारखी माती थापायची, कडा हळूहळू वर घ्यायच्या, सुकत आली की तासायचं.

पहिला वाडगा मी अगदी गरगरीत गोल केला. सत्तरीच्या सेन्सेई, म्हणजे आमच्या शिक्षिका, म्हणाल्या, "वा! कारखान्यातला वाटतो." दुसरा मुद्दाम वाकडा केला. "किती मेहनतीने वाकडा केलाय!" तिसरा आपोआपच वाकडा झाला. मी आशेने बघत राहिलो. त्यांनी तो बराच वेळ निरखला.

"हा नुसताच वाकडा आहे."

चौथा भट्टीत गेला, तो गुणांवर नव्हे, वर्ग संपत आला म्हणून. माती सुकताना आकसते आणि भाजतानाही आकसते, हे मला सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. बाहेर आलेल्या वाडग्यात माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, घुसळायची बांबूची 'चासेन' घातली, तर ती फुलपात्रात ताकाची रवी घालावी तशी अडकली. फेस कुठला यायला!

तरी सेन्सेईंनी तो चहा घेतला. पिण्याआधी वाडगा हातावर फिरवतात, त्याच्या दर्शनी बाजूला ओठ लागू नयेत म्हणून. त्यांनी दोनदा फिरवला. थांबल्या. पुन्हा फिरवला. दर्शनी बाजू कुठली, ते मलाही माहीत नव्हतं.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. तिने चष्मा लावून, फोन जवळ घेऊन पाहिला.

"अरे, कान तुटलाय का त्याचा? टाकू नकोस हं. मिठाला होईल."

आता तो गॅसशेजारी असतो. खडेमीठ बरोबर दोन मुठी मावतं.