कोरियन आजी-आजोबा सडसडीत असतात म्हणे

घरच्या, सोसायटीच्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय. थोडक्यात असा: दक्षिण कोरियात साठीनंतर कोणी लठ्ठ दिसत नाही. तिथली माणसं रोज किमची (कोबी-मुळ्यासारख्या भाज्या मिठात आंबवून केलेलं तोंडीलावणं) आणि भात खातात, जिमला न जाता पूर्वापार चालत आलेले व्यायाम करतात, गोळ्या घेत नाहीत आणि म्हणून नव्वदी गाठतात. शेवटी आपल्याला सल्ला: तुम्ही सत्तरीचे असलात तरी आजपासून रात्रीचं जेवण बंद करा, दोन महिन्यांत सहा किलो उतरवा.

या शेवटच्या वाक्यामुळेच हे लिहायला घेतलं. बाकीचा मजकूर नुसता गुळगुळीत आहे, हे वाक्य मात्र घातक आहे. तरी क्रमाने घेऊ.

‘तिथे कोणी लठ्ठ नाही’

कोरियात बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ झाला की लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ६४ किलो झालं की ती या गटात जाते. भारतातही डॉक्टर बहुधा हीच रेषा मानतात. या मोजमापाने कोरियातले एकतृतीयांशाहून जास्त प्रौढ लठ्ठ ठरतात आणि पुरुषांत तर हे प्रमाण निम्म्याच्या जवळ पोचलंय. बायकांत ते वयाबरोबर चढतं. कोरियन मालिकांत दिसणाऱ्या तरुण मुली सडपातळ, पण त्यांच्या आज्यांच्या पिढीत लठ्ठपणा कितीतरी जास्त. बीएमआय ३० च्या वरची माणसं मात्र तिथे खरोखरच कमी आहेत, म्हणून राजधानी सोलच्या रस्त्यावर फिरणाऱ्या पाहुण्याला सगळेच बारीक वाटतात.

‘किमची खा, चरबी जाळा’

या समजाला अलीकडे बळ मिळालं ते जानेवारी २०२४ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासामुळे. ४० ते ६९ वयाच्या १,१५,७२६ कोरियन लोकांची माहिती त्यात होती. दिवसाला एक ते तीन वाढप किमची खाणाऱ्या पुरुषांत लठ्ठपणा थोडा कमी आढळला. बातम्या इथेच थांबल्या. त्याच अभ्यासात पुढे आहे की पाच किंवा जास्त वाढप खाणाऱ्यांचं वजन आणि कंबरेचा घेर दोन्ही जास्त होते. शिवाय ही पाहणी एका वेळची होती. किमचीमुळे वजन घटलं की एकंदर नीट जेवणारे लोक किमचीही बेताने खातात, हे त्यातून कळत नाही. पैसा ‘वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ किमची’चा होता. तेवढ्याने अभ्यास खोटा ठरत नाही, पण संदेश लिहिणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

आणि मीठ? किमची शेवटी आपल्या लोणच्याच्याच गोत्रातली, फक्त ती वाटीभर खातात. २०१० च्या सुमारास कोरियन माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी ४,८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम (मिठातला मुख्य घटक) जात होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे २,०००. किमची, सूप, रस्से, नूडल्स, सगळीकडून ते येतं. सरकारने २०१२ पासून मोहीम हाती घेतली, आकडा बराच खाली आला, तरी मर्यादेच्या वरच आहे. जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत कोरिया येतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि खारवलेलं अन्न ही त्याची ओळखीची कारणं. म्हणून तिथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची सरकारी तपासणी असते. भरपूर भाज्या, कमी तळण, समुद्री शेवाळ, सोयाबीनचं टोफू हे त्या जेवणातले खरे गुण. त्यांचा संदेशात उल्लेखही नाही.

‘जिम नाही, पारंपरिक व्यायाम’

संदेशासोबतच्या व्हिडिओत तेक्क्योनच्या लयबद्ध लाथा दिसतात. ही जुनी युद्धकला, २०११ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. गांगगांगसुल्ले हे पौर्णिमेच्या रात्री बायकांनी फेर धरून करायचं नृत्य २००९ मध्ये त्या यादीत आलं. दोन्ही सुंदर, पण वारसा यादीत नाव असणं म्हणजे घरोघरचा व्यायाम असणं नव्हे. कोरियन ज्येष्ठ मुख्यतः चालतात, डोंगर चढतात, बागेतल्या फुकटच्या यंत्रांवर हातपाय हलवतात. १४५ मीटरवरच्या लक्ष्यावर बाण सोडणारे आजोबाही आहेत, पण मोजके.

आरोग्यकेंद्रांतून शिकवली जाणारी ताय-ची, म्हणजे संथ लयीतल्या हालचालींचा व्यायाम, तर मुळात चिनी. तिची परीक्षा मात्र कोरियात नीट झाली आहे. संधिवात असलेल्या वयस्क बायकांवरचा १२ आठवड्यांचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं कमी झालं, तोल सुधारला, रोजची कामं सोपी वाटू लागली. गुडघ्याच्या स्नायूंचं बळ मात्र फारसं वाढलं नाही. पडण्याची भीती असलेल्या माणसाला तोल सुधारणं ही मोठी मिळकत आहे, तेवढ्यासाठी ताय-ची जरूर करावी. वजन उतरवायला या संथ हालचाली पुरत नाहीत.

‘गोळ्या न घेता नव्वदी’

हे तर सरळ उलटं आहे. रक्तदाबावर सर्वाधिक लोकांना औषध मिळतं आणि तो ताब्यात राहतो अशा देशांत कोरिया अगदी वरच्या रांगेत आहे. १९८९ पासून साऱ्या जनतेला आरोग्य विमा आहे. आयुष्य लांबलं त्यात या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा मोठा हात आहे.

‘सत्तरीत सहा किलो उतरवा’

२००६ मध्ये १२ लाखांहून जास्त कोरियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी कुठे? बीएमआय २३ ते २४.९ मध्ये, म्हणजे तिथे ज्याला ‘जरा जास्त वजन’ म्हणतात त्या गटात. फार बारीक असणाऱ्यांत ते वाढलेलं होतं आणि वाढत्या वयात जाडीचा धोका सौम्य होत गेला.

कोरियातला प्रत्येक बारीक म्हातारा सुदृढ असतो असंही नाही. तिथे ६५ च्या पुढच्या साधारण चाळीस टक्के लोकांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली मोजलं जात आलंय, श्रीमंत देशांत सर्वांत वाईट आकडा. पुठ्ठे गोळा करून गाडा ओढणारे आजोबा सोलमध्ये कोणीही पाहू शकतो. त्यांच्या सडसडीतपणाचं कौतुक कशाला करायचं? भात, सूप आणि किमचीवर भागवणाऱ्या वृद्धांना प्रथिनं कमी पडतात, स्नायू झिजतात. या झिजेला कोरियाने २०२१ मध्ये आजारांच्या सरकारी यादीत स्वतंत्र क्रमांक दिला. उपाशी राहून उतरवलेल्या सहा किलोंत चरबीबरोबर हे स्नायूही जातात आणि सत्तरीत ते परत मिळवणं फार अवघड असतं.

गुडघेदुखी किंवा मधुमेहामुळे वजन कमी करायला डॉक्टरांनीच सांगितलं असेल, तर ते हळूहळू, डाळ-दूध-अंडी न सोडता आणि स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामासोबत करायचं असतं. आपण कुठे आहोत हे बघायला स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाची एक साधी चाचणी आहे: हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर रात्रीचं जेवण बंद करायच्या आधी डॉक्टर गाठा.